दोनाचं वर्गमूळ आणि रूबेनभाऊंची शिडी

संपादकांनी पत्रात लिहिलंय, "आपल्या अध्यापनाच्या काही गोड आठवणी अंकासाठी लिहा." गोड हवं असेल तर त्यांनी मिठाईवाल्याला पत्र धाडावं. मुंबईहून बी.टी. होऊन मी इथे, इस्रायलला आले, सहा महिने हिब्रू घोकलं आणि डिमोनाच्या एका शाळेत गणित शिकवायला उभी राहिले. पासष्ट सालापासून वीसेक वर्षं उभीच होते. त्यातली निम्मी तरी वर्षं वर्गमुळं आणि करण्या शिकवण्यात गेली. ज्याने हा भाग कधी शिकवलेला नाही, त्याने आपल्याला वैताग म्हणजे काय ते कळलंय असं म्हणू नये.

बाहेरच्या माणसांसाठी धंद्यातली गोष्ट थोडक्यात सांगते. नवाचं वर्गमूळ तीन, कारण तीन त्रिक नऊ. सोळाचं चार. इथवर वर्ग खूश असतो. मग येतात दोन. कुठल्या संख्येला तिनेच गुणलं की दोन मिळतील? एक पूर्णांक चार दशांश घेतले तर कमी पडतं, पाच दशांश घेतले तर जास्त होतं. मधे शिरावं तितकं शिरता येतं, पण नेमकी संख्या काही हाताला लागत नाही. म्हणून दोनाला मुळाच्या छपराखाली तसेच राहू द्यायचे आणि त्यालाच उत्तर म्हणायचं. अशा न सुटणाऱ्या मुळाला करणी म्हणतात. पन्नासाचं मूळ हवं असेल तर पन्नास म्हणजे पंचवीस गुणिले दोन. पंचविसाचं मूळ पाच, ते छपराबाहेर काढायचं, दोन आत ठेवायचे. पाच वर्गमुळात दोन. झालं उत्तर, पुढचं गणित घ्या.

पण घेतील तर ना! "मोरा, हे उत्तर कुठाय? हे तर अजून गणितच आहे." मोरा म्हणजे शिक्षिका. इथली पोरं शिक्षकांना अगं-तुगं करतात, त्याची सवय व्हायला मला दोन वर्षं लागली. या प्रश्नाची शेवटपर्यंत झाली नाही. दुसरा छळ बेरजेचा. छपराखाली नऊ अधिक सोळा लिहिलं की पोरं नवाचं तीन, सोळाचं चार करून सात सांगून मोकळी. अरे, आधी आतली बेरीज करा, पंचवीस होतात, त्याचं मूळ पाच. हजारदा सांगितलं. एकाच्या वडिलांचा बाजारात भाजीचा गाळा होता. त्याने फळ्यावरचे पाच आणि स्वतःच्या वहीतले सात बघितले आणि मला म्हणाला, "मोरा, भांडू नकोस. सहावर तोडून टाकू." मी खडू खाली ठेवला आणि खिडकीतून वाळवंट बघत राहिले.

आमच्या लोकांच्या पोरांचा प्रकार मात्र निराळाच होता. डिमोनात आमची बेने इस्रायलांची, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंची वस्ती मोठी. शिकूनमध्ये, म्हणजे सरकारने बांधलेल्या चाळींमध्ये, जिन्याजिन्यातून बोंबलाचा वास आणि मराठी भांडणं. या घरांतल्या मुलांच्या वह्या तपासायला घेतल्या की प्रत्येक मुळाच्या खाली एक लांबलचक शिडी उतरलेली दिसे. दोनावर दशांशचिन्ह, पुढे शून्यांच्या जोड्या, डावीकडे दर पायरीला वाढणारा भाजक. मुंबईच्या शाळेत आम्ही शिकलो ती भागाकाराने वर्गमूळ काढायची रीत. इस्रायलच्या कुठल्याही पुस्तकात ती नव्हती. पोरं एका करणीवर अर्धं पान खर्च करत, चार-पाच दशांश स्थळं काढत, आणि तास संपला की रडवेली होऊन सांगत, "मोरा, अजून बाकी उरते."

हे शिकवतं कोण, याचा शोध लागायला वेळ लागला नाही. माझ्याच इमारतीत, माझ्याच खालच्या मजल्यावर रूबेनभाऊ राहत. मुंबईला ते रेल्वेच्या एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. साहेबांच्या नकाशांवर पातळ कापड घालून शाईने रेघा उमटवायच्या, एक केससुद्धा इकडेतिकडे व्हायचा नाही. इथे आल्यावर हिब्रू येत नाही म्हणून त्यांना कापडगिरणीत लावलं, साच्यांखालचा कापूस झाडायला. ड्रॉइंग ऑफिसातला काळा कोट तेवढा त्यांनी खुंटीवर जपून ठेवला होता. संध्याकाळी पाळी सुटली की हा गृहस्थ जिन्यात बसे, भोवती दहा-बारा पोरं, आणि खालपासून वरपर्यंत सूर घुमे: "वरती एक, बाकी एक. उतरवा दोन शून्यं, झाले शंभर. चोवीस चोक शहाण्णव, बाकी चार!" मी वर स्वयंपाक करता करता दात ओठ खात असे.

त्यांची मुलगी लेआ माझ्या नववीत होती. गोष्ट तिचीच आहे. आमच्या शाळेत नववीच्या शेवटी परीक्षा होई आणि तिच्यावर मुलाचं पुढचं सगळं ठरे. शंभरात साठ मिळाले तर बगरुतच्या, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात. नाही मिळाले तर मुलांना वेल्डिंग आणि मुलींना शिवणकाम. शिवणकाम वाईट असं मी म्हणत नाही, माझ्या आईने त्यावर घर चालवलं. पण त्या वर्गात गेलेली मुलगी पुन्हा बगरुतकडे वळलेली मी पाहिली नाही. लेआला नकाशे काढायला शिकायचं होतं, बेर्शेबाला जाऊन. बाप कधीकाळी जे करत होता तेच.

सत्तर सालच्या सुमाराची परीक्षा. दहा गणितं, दहा-दहा गुणांची. लेआने सात सोडवली. पाच चोख बरोबर. उरलेल्या दोनांपैकी एक होतं: चौरसाची बाजू पाच, तर कर्णाची लांबी काढा. दुसरं: चौरसाचं क्षेत्रफळ बारा, तर बाजूची लांबी काढा. मला हवं होतं पाच वर्गमुळात दोन, आणि दोन वर्गमुळात तीन. तिने दोन्हीकडे शिडी लावली होती. एकीकडे सात पूर्णांक आणि पुढे सात आकडे, दुसरीकडे तीन पूर्णांक आणि पुढे सात आकडे, सगळे बरोबर, कोरीव अक्षरात. त्या पायऱ्या उतरता उतरता वेळ संपला आणि शेवटची तीन गणितं कोरी राहिली. वर्षभर मी घसा फोडून सांगितलं होतं, मूळ तसंच ठेवा. लाल पेन्सिल उचलली आणि दोन्हींना शून्य दिलं. पन्नास गुण. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर लेआ नव्हती. कानात जिन्यातला तो सूर होता.

आठवड्याभराने रूबेनभाऊ पत्र घेऊन जिन्यात उभे. इमारतीतल्या मोठ्या माणसांत हिब्रू वाचणारी मीच, आणि सरकारी कागद पोरांच्या हाती द्यायचा नाही अशी रीत, त्यामुळे सरकारची, दवाखान्याची, सैन्याची, सगळ्यांची पत्रं माझ्याकडेच वाचायला येत.

"बाई, जरा वाचून द्या. शाळेतनं आलंय."

मी वाचलं. म्हटलं, "लेआला शिवणकामाच्या वर्गात घातलंय."

ते हसले. "चुकून दुसऱ्या कोणाचं आलं असेल. तिचं गणित तर फस्क्लास आहे."

बस्स. वर्षभराचं साचलेलं बाहेर पडलं. पोरं वह्या घेऊन पायऱ्यांवर बसली होती, लेआ दारात होती, मला कशाचं भान राहिलं नाही. "फस्क्लास? रूबेनभाऊ, तुमच्या त्या शिडीने पोरीचा घात केला. तीन गणितांना हात लावायला तिला वेळ मिळाला नाही. मूळ तसंच ठेवायचं असतं, कितीदा सांगू?"

"तसंच?" त्यांना खरंच कळेना. "आमचे मास्तर बोलायचे, बाकी उरली असताना पाटी खाली ठेवायची नाही."

"ही बाकी कधीच संपत नाही!"

"बोलतात सगळे. शेवटपर्यंत जाऊन बघितलंय कोणी?"

आणि ते आत जाऊन एक जाडजूड वही घेऊन आले. तीत फक्त दोनाचं वर्गमूळ होतं. एकच शिडी, पानामागून पान. आकडे पानात मावेनात तेव्हा वही आडवी केलेली, तशीही मावेनात तेव्हा कडेला कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. साठाच्या वर आकडे झाले होते. शब्बाथला लेखणी धरायची नाही, म्हणून शुक्रवारी दिवस मावळायच्या आत ते शेवटची बाकी पाठ करून ठेवत आणि शनिवारभर पुटपुटत फिरत, असं लेआच्या आईने मला पुढे सांगितलं. मला तोवर ते तेहिलीम, म्हणजे स्तोत्रं, म्हणत असावेत असं वाटे. त्यांचा हिशेब साधा होता. एकाला साताने भागलं की आकडे थोडं पुढे जाऊन पुन्हा तेच येऊ लागतात. इथेही कुठेतरी वळण येणारच. ते आलं की गणित सुटलं.

मी त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि वहीच्या मागच्या कव्हरवर सिद्धता मांडली. समजा, दोनाचं मूळ हा एक अपूर्णांक आहे, छाटून छाटून लहानात लहान केलेला. म्हणजे वरची आणि खालची संख्या, दोन्ही सम असणं शक्य नाही. आता वर्ग करा. वरच्या संख्येचा वर्ग खालच्या संख्येच्या वर्गाच्या दुप्पट. म्हणजे वरची संख्या सम. सम संख्येच्या वर्गाला चाराने भाग जातो, म्हणजे खालच्या संख्येचा वर्गही सम, म्हणजे खालची संख्याही सम. आणि दोन्ही सम नाहीत असं तर आपण आत्ता म्हटलं! तेव्हा असा अपूर्णांकच नाही. आकडे पुन्हा पुन्हा येऊ लागले तर तो अपूर्णांक असतो. "मग तुमचं वळण येणार कुठून, रूबेनभाऊ?"

पोरांसमोर, पाच मिनिटांत, मी हे केलं. त्यांनी वही मिटली. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, परीक्षेच्या कागदावर काय विचारलं होतं?"

कागद माझ्या पिशवीतच होता. मी वाचला. कर्णाची लांबी काढा.

"मग तिने काढली की. गिरणीत कपडा कापायला दिला आणि मी बोललो, पाच वर्गमुळात दोन कापलाय, तर मुकादम मला ठेवेल?"

"वर्गात शंभरदा सांगितलंय, मूळ तसंच ठेवा म्हणून."

"वर्गात सांगितलंत. कागदावर नाही." इतकं बोलून तेच ओशाळले. पत्राची नीट घडी घातली. "असो. तुम्ही टीचर आहात, तुम्ही बोलता ते बरोबरच असेल." आणि लेआला घेऊन आत गेले. दारही हळूच लावलं.

भांडले असते तर मी सुखाने झोपले असते! आमच्या लोकांचा हाच तर राग येतो. दुसऱ्यांचे आईबाप शाळेत येऊन टेबल बडवत, खुर्च्या आदळत आणि मुलाला बगरुतच्या वर्गात बसवूनच घरी जात. आमचे लोक 'थँक्यू' म्हणून मागे सरायचे. तीन दिवस मी स्वतःशी वाद घातला. मूळ तसंच ठेवायचं हे खरं. कागदावर ते लिहिलं नव्हतं हेही खरं. प्रश्न मीच काढला होता. बरोबर उत्तराला मी शून्य दिलं होतं, आणि शेजाऱ्याचा राग आला म्हणून दिलं होतं. चौथ्या दिवशी मेनाहेलच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. ते रूमानियाहून आलेले, गणिताशी काही देणंघेणं नसलेले गृहस्थ.

"कोणी हिंदुस्थानी तक्रार घेऊन आलाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही. मीच आलेय."

"आईबाप तक्रार करत नाहीत आणि शिक्षिका स्वतःविरुद्ध करते? मुलांचे वर्ग ठरवणारी समिती बसून गेली. आता फिरवायचं तर तू लिहून दे, की तुझ्या तपासण्यात चूक झाली."

सरकारी हिब्रूत चूक कशी कबूल करायची तेही मला त्यांनाच विचारावं लागलं. पन्नासाचे सत्तर झाले. लेआ बगरुतच्या वर्गात गेली. आणि पुढचं वर्षभर माझे सगळे पेपर माझ्याहून लहान एका शिक्षकाने पुन्हा तपासले. तो रोज सकाळी मला "सगळं ठीक ना?" असं विचारायचा. त्याला मी अजून क्षमा केलेली नाही.

रूबेनभाऊंच्या घरी एलियाहू हन्नाबी या आमच्या पैगंबराच्या नावाने मलिदा झाला. नवस फेडायची आमची रीत: पोहे, खोबरं, साखर, फळं यांचं ताट आणि प्रार्थना. मला मानाने मधे बसवलं. रूबेनभाऊ तो काळा कोट घालून उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "बाईंनी पोरीसाठी शब्द टाकला." मीच पाडलं, मीच उचललं, आणि आभार माझे आणि एलियाहू हन्नाबीचे. खरं काय ते तिथेच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

त्या दिवसानंतर जिना गप्प झाला. पोरं येत, रूबेनभाऊ त्यांना परत पाठवत. वर्षभरात आमच्या मुलांच्या वह्या बाकीच्यांसारख्या झाल्या, म्हणजे नऊ अधिक सोळाचं मूळ सात! शिडी होती तेव्हा निदान पाच तरी येत होते. मी खाली जाऊन म्हटलं, "रूबेनभाऊ, पुन्हा बसा ना मुलांना घेऊन." ते म्हणाले, "नको बाई. मुलांचा घात होतो." माझेच शब्द मला परत मिळाले, आणि तेही अदबीने.

लेआने बगरुत केली, सैन्यातली दोन वर्षं केली, बेर्शेबाला शिकली आणि एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात लागली. माझ्या वर्गात मात्र ऐंशी सालानंतर नवं संकट आलं. खिशातली गणकयंत्रं. आता पोरं दोनाचं मूळ दाबून काढत आणि विजयी मुद्रेने यंत्र माझ्या नाकासमोर धरत. "मोरा, बघ, संपलं! आठ आकडे. उगाच आम्हाला फसवतेस." सिद्धता मांडली की म्हणत, "पण इथे तर संपलंय." एके दिवशी तर एका वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी घरी आले ती जिन्यातच बडबडत.

रूबेनभाऊ आता गिरणीतून कायमचे सुटले होते. पायरीवर बसले होते, शेजारी लेआ. तिने बापासाठी तसलंच एक यंत्र आणलं होतं. मला बघून ती हसली आणि बटणं दाबून यंत्र बापासमोर धरलं.

"निगमार, अबा! संपलं. एका सेकंदात."

झालं, मी मनात म्हटलं, आता घरातसुद्धा. रूबेनभाऊंनी चष्मा पुसला, यंत्र डोळ्यांशी नेलं. एक, चार, एक, चार, दोन, एक, तीन, पाच. मग ते मांडीवर ठेवलं.

"संपलं नाही," ते म्हणाले. "डबीतली जागा संपली. याच्या पुढे सहा येतो. मग दोन, तीन, सात, तीन."

"अबा, तुला अजून पाठ आहे?"

ते उठले आणि ती वही घेऊन आले. शिडी होती तिथेच थांबली होती. शेवटची बाकी तशीच. तिच्या पुढच्या पानावर, नकाशावर लिहावं तशा अक्षरात, शाईने, मराठीत लिहिलं होतं: समजा, दोनाचं मूळ हा एक अपूर्णांक आहे. पायरीमागून पायरी, सगळी सिद्धता. मी कव्हरवर घाईत खरडली होती तिच्याहून नीट. माझी एक पायरी सुटली होती, विषम संख्येचा वर्ग विषमच का येतो ती. त्यांनी ती भरली होती.

"हे कधी लिहिलंत?"

"तेव्हाच. तुम्ही बोललात ते माझं मी करून बघितलं. तीन दिवस लागले." ते वहीकडे बघत बोलत होते. "शेवटपर्यंत जाऊन मी काही बघितलं नाही, बाई. पण पटलं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

मी पायरीवर बसले. मलिद्याच्या दिवशी सांगायचं राहिलं होतं ते तेव्हा सांगितलं. लेआचे गुण मीच चुकीने कापले होते, रागाने कापले होते, शब्दबिब्द काही टाकला नव्हता. लेआने यंत्र बंद केलं. रूबेनभाऊ म्हणाले, "ठाऊक आहे. कागद तुम्ही माझ्यासमोरच वाचला होता ना."

वरच्या मजल्यावर कोणाची तरी आई पोराला मराठीत ओरडत होती आणि पोर हिब्रूत उत्तरं देत होतं.

"रूबेनभाऊ," मी म्हटलं, "माझ्या दहावीच्या पोरांना वाटतं, हे आठ आकड्यांत संपतं. माझं ऐकत नाहीत. रविवारी शाळा उघडली की वर्गात याल? ही वही घेऊन?"

त्यांनी वही मिटली, कडेच्या पट्ट्या नीट आत दुमडल्या.

"मला हिब्रू नीट येत नाही."

"आकडे तर येतात. बाकीचं मी सांगेन त्यांना."

ते दारापर्यंत गेले. आत खुंटीकडे बघितलं, मग वळून मला विचारलं, "कोट घालू का?"

"घाला," मी म्हटलं.